कोरोनाच्या काळात बाबांचा दावा पुढे चालवला, त्याचा अनुभव

मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात तालुक्याच्या कोर्टात आमचा एक दिवाणी दावा चालू होता, मधेच बाबा गेले, आणि मग तो आई, मी आणि धाकटा भाऊ अशा तिघांच्या नावाने पुढे चालवावा लागला. आता तो मिटलाय आणि कागद हातात आलेत म्हणून लिहितेय. तेव्हा मी नेटवर खूप शोधलं, पण सापडायचं ते एकतर सुप्रीम कोर्टाच्या बातम्या नाहीतर वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं, साध्या पक्षकाराने काय करायचं, कोर्टात जायचं की नाही, नाही गेलं तर काय होतं, हे कुठेच धड नव्हतं. माझ्या ओळखीत अजूनही अशी घरं आहेत जिथे केस ज्याच्या नावावर होती तो माणूस कोरोनात गेला आणि त्या केसचं पुढे काय झालं हे घरात कुणालाच माहीत नाही. मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय. मी वकील नाही, जे आमच्याबाबतीत घडलं आणि आमच्या वकीलकाकांनी समजावलं तेवढंच सांगते.

दावा साधा होता. आमचं घर आणि शेजाऱ्यांचं घर यांच्यामधे एक सामाईक बोळ आहे, मागच्या अंगणात जायला आणि सांडपाण्याला तोच रस्ता. शेजाऱ्यांनी तिथे भिंत घालायला घेतली म्हणून बाबांनी २०१६ मधे निरंतर म्हणजे कायमच्या मनाईचा दावा लावला. मग नेहमीसारखं तारीख पे तारीख होत २०१९ मधे बाबांचं सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे त्यांची लेखी साक्ष, दाखल झालं, उलटतपास, म्हणजे त्यावर समोरच्या वकिलांचे प्रश्न, बाकी राहिला. जानेवारी २०२० मधे समोरच्यांनी पाया खणायला सुरुवात केल्यावर वकीलकाकांनी नवा अर्ज दिला आणि कोर्टाने 'जैसे थे' चा आदेश केला, तोही 'पुढील तारखेपर्यंत'. पुढची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली होती. आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन.

आमची पहिली भीती हीच होती. आदेश पुढच्या तारखेपर्यंतच आहे, त्या तारखेला कोर्टच भरणार नाही, मग दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंत घातली तर? बाबा मला पुण्याला दिवसातून दोनदा फोन करायचे. काकांचा फोन लागला तेव्हा त्यांनी सांगितलं की मुंबई उच्च न्यायालयाने २६ मार्चलाच स्वतःहून दखल घेऊन आदेश केलाय, की खालच्या कोर्टांचे जे अंतरिम आदेश त्या वेळी चालू आहेत ते आपोआप पुढे चालू राहतील, आधी ३० एप्रिलपर्यंत आणि मग ती तारीख पुढे पुढे वाढवत गेले. त्यासाठी वेगळा अर्ज करायची गरज नव्हती. बाबांना हे फोनवर पटेना, 'आपल्या कोर्टाने कुठं सांगितलंय' म्हणायचे, मग त्या आदेशाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, त्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं अर्धं शटर उघडायला लावून प्रिंट काढली आणि फाइलला लावली. ती प्रिंट पुढे कामी आली. जूनमधे अनलॉक सुरू झालं तसं बोळाच्या तोंडाशी विटा येऊन पडल्या, काकांनी त्या आदेशाचा हवाला देऊन समोरच्या वकिलांना पत्र पाठवलं आणि काम तिथेच थांबलं.

तेव्हा कोर्ट 'बंद' आहे असं सगळे म्हणायचे पण ते खरं नव्हतं. आमच्याकडे रिमांड, जामीन आणि अगदी तातडीची मनाई एवढं काम सुरूच होतं, एखादे न्यायाधीश, मोजका स्टाफ, अर्धा दिवस. बाकीच्या केसेसना नुसत्या तारखा पडत होत्या. त्या आम्हाला ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दिसायच्या. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर नंबर असतो, महाराष्ट्राचा एमएच ने सुरू होतो, तो टाकला की पुढची तारीख, कुठल्या टप्प्यावर आहे, मागच्या तारखेला काय झालं हे सगळं येतं. हा नंबर घरातल्या किमान दोघांकडे असलाच पाहिजे. आमच्याकडे तो बाबांच्या डायरीत होता आणि डायरी गावाकडे, पण पक्षकाराच्या नावावरून आणि सालावरूनही केस शोधता येते, तशी मी शोधली आणि नंबर तिघांच्या फोनमधे सेव्ह केला.

आमच्या कोर्टात त्या काळात पक्षकार गैरहजर राहिला म्हणून दावा काढून टाकणं किंवा एकतर्फी आदेश करणं हे होत नव्हतं. त्यामुळे ई-पास काढून, गाडी करून, नुसती तारीख घ्यायला जायची गरज नव्हती. काकांनीच सांगितलं, येऊ नका, आत कुणी सोडतही नाही. बाबांना ते पटायचं नाही. सत्तरीचा माणूस, चार वर्षं एकही तारीख चुकवली नव्हती, त्यांना घरी बसवणं हेच मोठं काम होतं.

ऑगस्टअखेर त्यांना ताप आला. तालुक्याला ऑक्सिजनचा बेड मिळाला नाही म्हणून पुण्याला आणलं आणि सप्टेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात ते गेले. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. अंत्यविधी महापालिकेच्या माणसांनी केला, आम्ही लांब उभे होतो.

दावा तेव्हा डोक्यातही नव्हता. दहा-बारा दिवसांनी काकांचा भेटायला म्हणून फोन आला, आधी आईशी बोलले, मग मला म्हणाले, ताई, आत्ता नको वाटेल पण एक गोष्ट कानावर घालून ठेवतो. दिवाणी दाव्यात वादी, म्हणजे दावा लावणारा, वारला तर त्याचे वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज मृत्यूपासून ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २२ खाली. नाही दिला तर दावा आपोआप 'अ‍ॅबेट' होतो, म्हणजे संपतो. मग तो उठवायला पुढे ६० दिवसांत वेगळा अर्ज, तेही गेले तर उशीरमाफीचा अजून एक अर्ज, त्यात कारणं, शपथपत्रं आणि समोरच्यांचा विरोध. आमच्या हिशोबाने ९० दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपत होते.

मी लगेच विचारलं, पण मुदती तर सुप्रीम कोर्टाने थांबवल्यात ना? हे मला बातम्यांतून माहीत होतं, २३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने आदेश केला होता की १५ मार्चपासून सगळ्या कोर्टांतल्या दाखल करण्याच्या मुदती पुढचा आदेश येईपर्यंत वाढवल्या. काका म्हणाले, बरोबर आहे, तो आदेश आपल्याला लागू आहे, पण त्याच्यावर झोपायचं नाही. त्यांनी दोन उदाहरणं दिली. एक, जूनमधे सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की पोलिसांना आरोपपत्र द्यायची जी ६० किंवा ९० दिवसांची मुदत आहे ती या आदेशाने वाढत नाही, आरोपीचा जामिनाचा हक्क त्यामुळे जात नाही. दुसरं अगदी ताजं, १८ सप्टेंबरचं, की मूळ मुदत वाढली म्हणजे त्यानंतर उशीर माफ करायची कायद्यातली जी वेगळी मर्यादा असते तीही वाढली असं नाही. म्हणजे 'सगळं थांबलंय' हे लोकांच्या डोक्यातलं, कोर्टाच्या डोक्यातलं नाही. सवलत म्हणजे हात पोचलाच नाही तर वाचवणारी गोष्ट आहे, हात पोचत असेल तर अर्ज वेळेतच द्यायचा. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं आणि पुढची दीड वर्षं आम्ही तसंच वागलो.

अर्जासाठी लागलेले कागद सांगते. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ते, नातं, अर्जाला शपथपत्र आणि नवीन वकीलपत्र, म्हणजे आपल्या वतीने काम चालवायचा वकिलाला दिलेला अधिकार. हे शेवटचं मला नवीन होतं, पक्षकार गेला की त्याने दिलेलं वकीलपत्रही संपतं, त्यामुळे तेच वकील असले तरी सगळ्या वारसांनी पुन्हा सही करून द्यावं लागतं. भाऊ बेंगळुरूला, त्याचं वकीलपत्र कुरियरने गेलं आणि सही होऊन आलं, त्यात आठवडा गेला कारण त्याचा भाग तेव्हा कंटेन्मेंट झोनमधे होता.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मृत्यूच्या दाखल्याने. मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथे होते, जिथे राहत होता तिथे नाही. त्यामुळे गावच्या नगरपालिकेत विचारून उपयोग नव्हता, पुण्यालाच काढावा लागला. शिवाय हॉस्पिटलने पाठवलेल्या माहितीत बाबांचं नाव आधार कार्डाप्रमाणे होतं आणि दाव्यात घरात रूढ असलेलं, सातबारावरचं नाव. आडनाव तेच, पण मधलं आणि पहिलं वेगळं वाटावं असं. काकांनी 'हे दोन्ही एकच इसम' असं आईचं शपथपत्र अर्जासोबत जोडलं आणि भागलं. घरात असं कुणाचं असेल तर हॉस्पिटलचा फॉर्म भरतानाच नाव नीट बघा, नंतर दुरुस्ती करण्यापेक्षा ते सोपं. आणि दाखल्याच्या प्रती जास्तच घ्या, कोर्ट, बँक, विमा, पेन्शन, सिटी सर्व्हे, सगळीकडे लागतात.

अजून एक, कोर्टात द्यायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी माफ आहे, साध्या कागदावर चालतं. तरी बाहेर बसलेला माणूस शंभरचा स्टॅम्प घ्या म्हणून आग्रह करत होता. तिथे काकांचा क्लार्क नसता तर प्रत्येकाचे शंभर असे गेले असते.

लोक एक घोळ घालतात म्हणून सांगते. दाव्यात वारस लावणं वेगळं, प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबारावर वारसनोंद करणं वेगळं, आणि १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली कोर्टातून वारस दाखला काढणं अजून वेगळं. चालू दाव्यात नाव लावायला तो दाखला लागत नाही. गावातले एक गृहस्थ आईला सांगून गेले की आधी वारस दाखला काढा, वर्ष लागेल, मगच दावा पुढे चालेल. ती बिचारी रात्रभर झोपली नाही.

अर्ज दाखल केला नोव्हेंबरमधे, दिवाळीच्या सुट्टीआधी. तेव्हा कोर्टाच्या गेटवर टेबल लावलेलं, ताप बघायची गन, सॅनिटायझर आणि एक पेटी. कागद वकिलाने पेटीत टाकायचे, ते एक दिवस तसेच राहायचे आणि मग फाइलिंगला जायचे. त्यामुळे शेवटच्या दिवशी टाकलेला कागद नेमका कुठल्या तारखेला दाखल धरला जाईल हा प्रश्न होताच. आम्ही हातात भरपूर दिवस ठेवून दिला म्हणून निवांत होतो. तरी क्लार्कला सांगून दाखल झाल्याच्या शिक्क्याची प्रत घेतली, फोटो काढून तिघांना पाठवला. शिक्क्याशिवाय आपण काही दिलं असं समजू नये.

मग समोरच्यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं. पहिल्या तारखेला त्यांच्या वकिलांनी वेळ मागितला, दुसऱ्या तारखेला स्टाफमधे कुणी पॉझिटिव्ह निघालं म्हणून काम झालं नाही, जानेवारी २०२१ मधे से आला. त्यात विरोध असा होता की लग्न झालेल्या मुलीला वारस म्हणून घ्यायचं कारण नाही. वाचून मला खूप लागलं, खोटं कशाला बोलू. काकांनी शांतपणे सांगितलं की ते टिकणार नाही, पण युक्तिवाद करावा लागेल.

हा युक्तिवाद व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाला. ६ एप्रिल २०२० लाच सुप्रीम कोर्टाने घटनेच्या कलम १४२ खाली व्हीसीने कोर्ट चालवायच्या मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या, त्यात ज्या पक्षकाराकडे साधन नाही त्याला ते उपलब्ध करून द्यावं असंही होतं. आमच्याकडे साधन म्हणजे काकांच्या ऑफिसातला लॅपटॉप आणि माझ्या फोनचा हॉटस्पॉट. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, आत जाताना नावाच्या जागी केस नंबर टाकायचा, माइक बंद, कॅमेरा चालू. आमचा नंबर लागेपर्यंत इतरांच्या केसेस ऐकत बसलो होतो. आवाज तुटत होता, एकदा न्यायाधीश साहेब पूर्ण गोठले, पण साहेबांनी दोन्ही वकिलांना प्रत्येक मुद्दा परत म्हणायला लावला, घाई केली नाही. आई बाजूला पदर डोक्यावर घेऊन बसली होती, स्क्रीनवर न्यायाधीश दिसले तशी उभी राहिली. काका म्हणाले, वहिनी, बसा. ती उभीच राहिली.

अर्ज मंजूर झाला, तिघांचीही नावं लागली. आता वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ कागदात, दुरुस्ती. आदेशात वेगळी मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत करावी लागते आणि हे लोक विसरतात, अर्ज मंजूर झाला म्हणजे नाव लागलं असं समजून निवांत बसतात. क्लार्कने कोर्टात जाऊन मूळ वादपत्रावर लाल शाईने दुरुस्ती केली, बाबांच्या नावापुढे 'मयत, तर्फे वारस' आणि खाली आम्ही तिघं, आणि दुरुस्त प्रत समोरच्यांना दिली.

इथपर्यंतचा खर्च असा, काकांनी वारसांच्या अर्जाचे पाच हजार घेतले, कागद, नोटरी, तिकिटं, झेरॉक्स, कुरियर मिळून दोनेक हजार. काकांनी पैसे मागितलेच नव्हते, आम्हीच दिले. त्या वर्षात तालुक्याच्या वकिलांची काय अवस्था होती ते डोळ्यांनी बघितलंय, कोर्ट चालत नाही म्हणजे रोजची कमाई नाही, बार रूमला कुलूप, काही ज्युनिअर गावी शेतात कामाला गेले होते. पक्षकार म्हणून आपण आपल्याच तारखेचा विचार करतो, पण ती माणसं ज्या परिस्थितीत फाइल सांभाळत होती ते लिहिलं गेलंच पाहिजे.

८ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने मुदतवाढ संपवली. १५ मार्च २०२० ते १४ मार्च २०२१ एवढा काळ वगळायचा, आणि ज्यांची मुदत त्या काळात संपली असती त्यांना १५ मार्च २०२१ पासून ९० दिवस, असं ठरलं. सगळ्यांना वाटलं आता सुरळीत होईल, आमच्या दाव्याला एप्रिलची पुराव्याची तारीखही पडली. आणि दुसरी लाट आली. १४ एप्रिलपासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध, आठवड्याभरात ई-पास परत, आणि २७ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने मुदतवाढ पुन्हा जिवंत केली. त्या दीड महिन्याच्या फटीत किती लोकांचा गोंधळ झाला असेल याची मला कल्पना करवत नाही, एका महिन्यात मुदत चालू आणि दुसऱ्या महिन्यात परत थांबलेली. आमचा अर्ज आधीच मंजूर होता म्हणून आम्हाला त्यातलं काहीच मोजत बसावं लागलं नाही.

मेमधे काका स्वतः आजारी पडले, बरेच दिवस दवाखान्यात होते. त्या काळात केसची फाइल नक्की कुठे आहे हेच आम्हाला सांगता येईना, ऑफिस बंद, क्लार्क त्याच्या गावी. काका बरे होऊन आले तेव्हा सगळ्यात आधी मी त्यांच्या परवानगीने अख्ख्या फाइलचे फोटो काढले, पान आणि पान, कोर्टाने प्रत्येक कागदाला दिलेल्या निशाणी नंबरासकट. तुमची केस असेल तर हे आजच करा. वकिलांवर अविश्वास म्हणून नाही, वकीलही माणूसच आहे म्हणून. आणि रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, आणि महत्त्वाच्या आदेशांची नक्कल विभागातून सहीशिक्क्याची प्रत काढून ठेवा, पानामागे थोडेच पैसे लागतात.

पुराव्याची तारीख शेवटी सप्टेंबर २०२१ मधे लागली. बाबांचं शपथपत्र दाखल होतं पण उलटतपास झाला नव्हता, त्यामुळे ते पुरावा म्हणून धरता येणार नाही असं काकांनी आधीच सांगितलं होतं, म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी नव्याने साक्ष द्यायची. आईचं वय आणि तब्येत बघून मी उभी राहिले. माझं सरतपासाचं शपथपत्र बनवताना बाबांचंच शपथपत्र समोर ठेवलं होतं. 'माझ्या वडिलांच्या काळापासून सदर बोळाचा वापर' असं त्यांनी लिहिलं होतं, तेच वाक्य मी लिहिलं, फक्त आता वडील म्हणजे ते. तिथे थोडा वेळ काम थांबवलं.

साक्ष व्हीसीने घ्यावी का असं विचारलं गेलं. त्या एप्रिल २०२० च्या सूचनांप्रमाणे पुरावा व्हीसीवर नोंदवायला दोन्ही बाजूंची संमती लागत होती, समोरच्यांनी नाही म्हटलं. त्यांना तो अधिकार होता. मग प्रत्यक्ष. कोर्टहॉलमधे साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुढे प्लॅस्टिकचा पडदा, साहेबांच्या डायससमोर काच, आत फक्त ज्यांची केस पुकारली ते, बाकीचे बाहेर व्हरांड्यात. शपथ घेताना ओळख पटवायला मास्क खाली करायला सांगितलं, मग परत वर. मास्क आणि पडदा दोन्हींतून आवाज पोचत नव्हता, त्यामुळे मी प्रत्येक उत्तर जवळजवळ ओरडून देत होते आणि ओरडून दिलेलं उत्तर रागाने दिल्यासारखं वाटतं. साहेबांनी ते ओळखलं, म्हणाले, बाई, सावकाश, घाई नाही. उलटतपास अर्धाच झाला, कोर्टाची वेळ संपली. टाइप झालेली साक्ष वाचायला देतात, ती खरंच वाचा. एका ठिकाणी 'पूर्वेस' चं 'पश्चिमेस' झालं होतं, मी सांगितल्यावर लगेच दुरुस्त केलं. सही झाल्यावर तेच अवघड गेलं असतं.

उरलेल्या उलटतपासाची तारीख पार लांबची पडली, कारण सगळीच कामं तुंबलेली. त्याच वेळी दोन्ही वकिलांनी लोक अदालतीचा विषय काढला. मला आधी नको वाटलं, बाबा चार वर्षं ज्यासाठी भांडले त्यात तडजोड का. आई म्हणाली, त्यांना बोळ मोकळा हवा होता, निकाल नको होता. मग आम्ही बसलो, शेजारी, आम्ही, दोन्ही वकील, अंतर ठेवून काकांच्या ऑफिसच्या गच्चीवर. ठरलं ते असं की बोळ कायम मोकळा राहील, दोघांचा वापर, भिंत नाही, सांडपाण्याची पाइपलाइन जमिनीखालून आणि खर्च निम्मा-निम्मा.

डिसेंबर २०२१ च्या राष्ट्रीय लोक अदालतीत तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, दाखल झाली. वारस जितके रेकॉर्डवर तितक्या सगळ्यांच्या सह्या लागतात, त्यामुळे भाऊ बेंगळुरूहून आला. पॅनलने प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, वाचलंय का, समजलंय का, कुणी दबाव टाकलाय का. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून मसुद्यातला प्रत्येक शब्द सह्या करण्याआधी तपासायचा. आम्ही बोळाची लांबी-रुंदी, चतुःसीमा आणि हातनकाशा जोडला. भरलेली कोर्ट फी परत मिळते, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आमची रक्कम छोटी होती तरी केला, आईच्या खात्यावर मार्चमधे जमा झाली. साक्षीपासून लोक अदालतीपर्यंतचे काकांचे दहा हजार झाले.

तडजोडीनंतर महिन्याभरातच, जानेवारी २०२२ मधे ओमायक्रॉनमुळे आमचं कोर्ट परत अर्ध्या वेळेवर आलं. नकलेचा अर्ज आम्ही निवाड्याच्या दिवशीच दिला होता म्हणून ती त्याआधी मिळाली.

ज्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे त्यांच्यासाठी शेवटचं. १० जानेवारी २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला गेला. ज्यांची मुदत या काळात संपली असती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले होते, आणि ज्यांची शिल्लक मुदत त्याहून जास्त होती त्यांना ती जास्तीची. घरातलं कुणी त्या दोन वर्षांत गेलं असेल आणि त्यांच्या नावावर दावा असेल, वादी म्हणून किंवा प्रतिवादी म्हणून, तर आज ई-कोर्ट्सवर नाव टाकून शोधा, नंबर घेऊन वकिलांकडे जा आणि विचारा की वारस लागलेत का. ते ९० दिवस मे २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात, कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत भरले. सुट्टीत मुदत संपली तर कोर्ट उघडल्या दिवशी अर्ज देता येतो असं कायदा म्हणतो, पण मृत्यूचा दाखला, सगळ्यांच्या सह्या, वकीलपत्र हे जमवायला आम्हाला दोन महिने लागले होते, त्यामुळे मुदत सुट्टीत संपत असेल तर सुट्टी लागायच्या आधीच अर्जावर दाखल झाल्याचा शिक्का घ्या.